गावचा दगड, घरचा कागद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गावांचा इतिहास नोंदवून ठेवण्यासाठी आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी फिरतो. त्यात शिक्षक आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत, शेतकरी आहेत, कॉलेजात शिकणारी मुलंमुली आहेत. पारावर बसलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सावकाशीनं लिहून काढली.

तुम्ही पुरातत्त्व खात्याची माणसं का?

नाही. आमच्याकडे कसलाही सरकारी अधिकार नाही. आम्ही उत्खनन करत नाही आणि कुणाच्या घरातली वस्तू उचलून नेत नाही. आम्ही नोंद करतो. दगड कोणत्या शिवारात आहे, कोणत्या झाडाखाली, तोंड कुठल्या दिशेला, गावात त्याला काय म्हणतात, नारळ कोण फोडतं आणि का, हे सगळं लिहून घेतो. कागद असेल तर तुमच्याच ओसरीवर बसून फोटो काढतो, वाचतो आणि त्यात काय आहे ते घरच्यांना साध्या मराठीत लिहून देतो. वस्तू जागेवरून हलली आणि तिची हकीकत मागेच राहिली, तर हाती नुसता दगड उरतो. आमची सारी धडपड ही हकीकत वाचवण्यासाठी आहे.

हे काम मोठ्या संस्थांचं नाही का?

त्यांचंही आहे. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करतंय. आपल्या धुळ्याचा वाटाही मोठा आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं मिळवली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. त्यातला पहिला १८९८ सालचा, वाईला मिळालेल्या पानिपतकाळच्या पत्रांचा. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले आणि १९२७ साली धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली बाडं गोळा केली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आजही आहेत, आणि समर्थांच्या हातचं वाल्मीकि रामायणही तिथेच आहे.

म्हणजे वाट आधीच पडलेली आहे. पण कोणतीही संस्था साक्री तालुक्यातल्या प्रत्येक वाडीच्या प्रत्येक दगडापर्यंत पोहोचू शकत नाही. तिथे रोज जाणारं-येणारं माणूसच लागतं.

आपल्या भागात शिवकाळातले मोठे गड नाहीत. मग जपण्यासारखं आहे काय?

हा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जास्त लागतो, कारण विचारणारा बहुतेक वेळा इथलाच असतो. शाळेत आपण जो इतिहास शिकलो त्यात खानदेश फार थोडा येतो, म्हणून इथे काही घडलंच नाही असं वाटायला लागतं.

चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला आहे. त्यावर अश्मयुगातल्या माणसानं नक्षी कोरलेली आहे. तापीकाठच्या सावळदा गावावरून ताम्रपाषाणयुगातल्या एका संस्कृतीला सावळदा संस्कृती हे नाव मिळालं. प्रकाशाच्या पांढरीत १९५५ साली उत्खनन झालं. दोन-तीन हजार वर्षं वस्ती असलेल्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात, कारण तिची माती राखाडी-पांढरी दिसते. असली पांढर आपल्याकडे अनेक गावांना आहे आणि पुष्कळ ठिकाणी लोक ती माती शेतात टाकायला ट्रॅक्टरनं वाहून नेतात.

पाटणादेवीच्या देवळातला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तर माझा फार आवडता आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. त्या मठाची व्यवस्था या लेखात आहे. बाजारातून मठाला काय काय द्यायचं ते शेवटी जुन्या मराठीत लिहिलंय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. गणिताच्या शिक्षणासाठी गावानं आपल्या मालातला वाटा काढून ठेवला, आणि ते आपल्या खानदेशात घडलं. हे पोरांना सांगायला नको का?

आमच्या माळ्यावर मोडी कागदांचं गाठोडं आहे. त्याचं काय करू?

पहिली गोष्ट म्हणजे ते गाठोडं घाईघाईनं सोडू नका. जुने लोक कागद एकावर एक ठेवून, फडक्यात गुंडाळून रुमाल बांधत. कोणता कागद कोणाच्या शेजारी होता यावरूनही प्रकरण कळतं. सोडायचाच असेल तर आधी बांधलेल्या अवस्थेत फोटो काढा आणि सोडताना क्रम मोडू नका.

कागद दमट असतील तर सावलीत, वाऱ्याला पसरा, उन्हात नको. घडी चिकटली असेल तर ओढून उघडू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, कारण काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊनच निघतो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. एका घरी वतनाचा कागद सन्मानानं लॅमिनेट करून भिंतीवर लावला होता. आतला कागद आता करपल्यासारखा झालाय आणि प्लॅस्टिक काढायची सोय नाही. त्या आजोबांना आम्ही काय सांगणार? त्यांनी प्रेमानंच केलं होतं. कागद स्वच्छ सुती फडक्यात बांधून लोखंडी पेटीत, जमिनीपासून उंच ठेवा. वाळवी आणि कसर यांच्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा, तेच सगळ्यांत चांगलं औषध.

मग आम्हाला हाक मारा. कागद तुमचाच राहतो. त्याची प्रत तुमच्याकडे एक आणि आमच्याकडे एक. घरी सांभाळणं खरोखर जमत नसेल, तर दप्तर घेणाऱ्या संस्थेकडे यादी करून, पोच घेऊन द्या. रद्दीत मात्र देऊ नका. एका गावी आम्ही पोहोचायच्या आठवडाभर आधी घर पाडताना दोन पोती कागद रद्दीवाल्याला गेले होते. खानदेशात १८०३-०४ च्या दुष्काळात आणि होळकरांच्या फौजांच्या लुटीत कित्येक गावं ओस पडली. त्याआधीचा कागद घरात टिकला असेल तर तो खरोखर मोलाचा आहे.

कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहिलंय. हे कोणतं साल?

हे आकडेच आहेत, अरबी शब्दांत लिहिलेले, आणि उलटे वाचायचे. इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. हा सुहूर सन. तो मृग नक्षत्राला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की १७६० चा मे-जून येतो आणि तिथून पुढच्या मे महिन्यापर्यंत तेच साल चालतं. म्हणजे तुमचा कागद १७६०-६१ चा, पानिपताच्या वर्षाचा.

बाकीचे शब्दही घोकून ठेवण्यासारखे आहेत. एकंचे : इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहंचे : अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. दोनशेला मयातैन. लिहिणाऱ्याच्या हातानुसार उच्चार थोडे हलतात.

शक असेल तर ७८ मिळवा. पण पौष-माघ-फाल्गुनातला कागद असेल तर जानेवारी उलटून गेला का ते बघा, कारण मग ७९ धरावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली, म्हणून १४ जानेवारी १७६१. फसली सन असेल तर ५९०. आपल्याकडे व्यापाऱ्यांच्या वह्या बहुधा विक्रम संवतातल्या. वही दिवाळीला बदलते, म्हणून दिवाळी ते डिसेंबरच्या कागदाला त्यातून ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत ५६.

आम्हाला कुणबी नोंद शोधून द्याल का? जमिनीच्या दाव्यात हे कागद चालतील का?

२०२३ पासून या चौकशा खूप वाढल्यात, आणि विचारणाऱ्याची निकड आम्हाला कळते. पण आम्ही दाखला देऊ शकत नाही आणि आमच्या वाचनाला कायद्यात किंमत नाही. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदीचं कोतवाल बुक, तहसील कार्यालयात मिळतं. जमिनीचे जुने कागद भूमी अभिलेख कार्यालयात. तिथून प्रमाणित नक्कल काढा. नकलेतलं मोडी लागत नसेल तर आम्ही शेजारी बसून अक्षर लावायला मदत करतो, पैसे न घेता. नाव आहे तेच वाचतो, हवं आहे ते वाचत नाही.

पिंपळाखाली शेंदूर लावलेला कोरीव दगड आहे. तो कसला?

बहुतेक वेळा वीरगळ. लढाईत, किंवा गावची गुरं पळवणाऱ्यांशी झुंजताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक. तो खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर. काही ठिकाणी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे झुंज गुरांसाठी होती. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन जातात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे चंद्रसूर्य असेतो त्याचं नाव राहो. दगडावर नुसता कोपरात दुमडलेला हात असेल आणि मनगटात बांगड्या असतील, तर ती सतीशिळा. ती बघताना माझा हात नेहमी थबकतो. बांगड्या किती बारकाईनं कोरलेल्या असतात, आणि त्या बाईचं नाव मात्र बहुतेक दगडांवर नसतं.

फोटो दुपारी काढू नका, सगळं सपाट दिसतं. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा, नाहीतर अंधार पडल्यावर टॉर्च बाजूनं धरा. झिजलेली अक्षरं अशी उठून येतात की पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. मोजमाप कळावं म्हणून शेजारी फूटपट्टी ठेवा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, चुना काहीही भरू नका. तारेच्या ब्रशनं घासू नका.

पूजा थांबवा असं आम्ही कधीच म्हणत नाही. पूजेमुळेच तो दगड आठशे वर्षं जागेवर राहिला, नाहीतर केव्हाच कुणाच्या पायात किंवा धुण्याच्या घाटावर गेला असता. फक्त ऑइलपेंट लावू नका एवढीच विनंती असते.

देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय, वर्गणीही जमलीय. तुम्ही विरोध करायला येता का?

विरोध करायला येत नाही, पण लवकर बोलवा. काम सुरू झाल्यावर बोलवलं तर आमच्या हाती काही राहत नाही. एका गावी गाभाऱ्याच्या उंबऱ्याजवळच्या लेखावर चकचकीत टाइल्स बसल्या. त्या लेखाचा एकच अर्धवट फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नातला, नवरानवरीच्या पायांशी अर्धी ओळ दिसते. तेवढीच ओळ आता जगात आहे.

बळसाण्यासारख्या ठिकाणची देवळं आपण हेमाडपंती म्हणतो. त्यांचे दगड एकमेकांच्या वजनावर आणि खाचांवर बसलेले असतात. दोन दगडांत सिमेंट भरलं की पाण्याला वाट राहत नाही, ओल दगडातच साठते आणि कोरीव पापुद्रे सुटायला लागतात. वाळूचा फवारा मारून दगड ‘नवा’ केला तर नाकडोळे जातात. खरी गरज बहुतेक वेळा वेगळीच असते. शिखरावर उगवलेला पिंपळ काढायचा असतो, छताची गळती आणि भोवतीचा पाण्याचा निचरा सुधारायचा असतो. याला खर्चही कमी येतो. सभामंडप हवाच असेल तर जुन्या भिंतीला न टेकता, सुटा बांधता येतो.

देऊळ केंद्र संरक्षित असेल तर त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. पंचांनी ठेकेदाराला विसार देण्याआधी हे विचारून घ्यावं. आम्ही अर्ज लिहून देतो.

नांगरताना नाणी किंवा मूर्ती निघाली तर?

नांगर थांबवा, जागा खुणेनं राखा, फोटो काढा, आणि तलाठ्यांमार्फत तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा वाटाही धरलेला आहे. लपवलं की तो हक्क जातो. शंभर वर्षांवरच्या मूर्ती, नाणी आणि पंच्याहत्तर वर्षांवरची ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

दायमाबादची गोष्ट आम्ही सगळीकडे सांगतो. १९७४ साली प्रवरेकाठी झुडपाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्यांनी भारताच्या इतिहासात एक पान वाढवलं. पण त्या पद्धतशीर उत्खननात, थरासकट निघाल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला. एवढ्या मोठ्या ठेव्याला जर जागेचा पुरावा कमी पडतो, तर आपल्या बांधावरच्या मूर्तीचं काय होईल?

गुप्तधनाच्या खुणा सांगता का? नाही. वीरगळाखाली धन असतं या समजुतीनं किती दगड उपटले गेले ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

सगळं गॅझेटिअरमध्ये छापलेलं असताना पुन्हा नोंदी कशाला?

खानदेशचं गॅझेटिअर १८८० सालचं आहे आणि ते आमच्या पिशवीत नेहमी असतं. पण ते राज्यकर्त्यांनी लिहिलं. तापीकाठच्या थाळनेरला २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इंग्रज सेनापती हिस्लॉपनं किल्ला घेतल्यावर किल्लेदार तुळशीरामाला फाशी दिलं. गैरसमजातून चकमक उडाली की दगा झाला, याची चर्चा इंग्रजी कागदांत भरपूर. किल्लेदाराची बाजू सांगणारा कागद आमच्या हाती अजून आलेला नाही. शिरपूर तालुक्यात कुणाकडे काही असेल तर आम्ही रात्री-अपरात्रीही येऊ.

आमच्या पाड्यावर लिहिलेलं काहीच नाही. आमचा इतिहास कसा जपणार?

कागद नसला म्हणजे इतिहास नाही असं आम्ही मानत नाही. १८५७ मध्ये खाज्या नाईक, भागोजी नाईक लढले. १८५८ साली आंबापाणीची लढाई झाली. इंग्रजी दप्तरात हे सारे बंडखोर. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा घरांत त्या दिवसांच्या गोष्टी वेगळ्या ऐकू येतात, आणि त्या ज्या बोलीत सांगितल्या जातात त्या बोलीतच ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात. मराठीत भाषांतर नंतर, शेजारच्या रकान्यात.

सरदार सरोवरानं नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. पुनर्वसनाच्या वसाहतीत आम्ही म्हाताऱ्या माणसांना जुन्या गावाचा नकाशा जमिनीवर काढायला सांगतो. खडे मांडून घरं, काडीनं नदी. मग देव कुठे होता, महू कुणाचे, होळी कुठे पेटायची, मेलेल्यांना कुठे ठेवायचं. एकदा दोन म्हातारे एका आंब्याच्या जागेवरून तासभर वाद घालत होते. झाड पाण्याखाली जाऊन वर्षं झाली होती. आम्ही तो सगळा वाद टिपून ठेवला.

आजीला काय विचारायचं? ती म्हणते, मला काय ठाऊक.

‘इतिहास सांग’ म्हटलं तर कुणीही असंच म्हणेल. तिला विचारा, लग्नात किती बैलगाड्या होत्या, पाणी कुठून आणायची, दुष्काळात काय शिजवलं. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रोटांचं दळण कोण करायचं आणि गाणी कोणती. जातं नसलं तरी हात फिरवत ओवी म्हणायला सांगा, हाताबरोबर शब्द येतात. ती अहिराणीत बोलली तर अहिराणीतच लिहा, शुद्ध करू नका. नाव, गाव, तारीख आधी बोलून घ्या, आणि हे इतरांना ऐकवलं तर चालेल का ते तिलाच विचारा. काही गोष्टी ती फक्त तुम्हाला सांगते.

बोललेलं टिपून ठेवण्याची परंपरा आपल्याच मातीतली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. गुरुजींनी लेखणी उचलली नसती तर ते शब्द त्या भिंतींतच राहिले असते. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून आज त्या आपल्या तोंडी आहेत.

आमचं कूळ अमुक राजघराण्याचं आहे, असं लिहून द्याल का?

पुरावा असेल तर पुरावा काय म्हणतो तेवढंच लिहू. वहीत घराण्याची आठवण म्हणून नोंद जरूर होईल, ‘घरात असं सांगतात’ या शब्दांत.

मोडी शिकायला किती दिवस लागतात?

अक्षरओळख तीन-चार आठवड्यांत होते. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग आणि परीक्षाही असतात. खरा कस त्यानंतर लागतो, कारण प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा, शब्द सलग लिहिलेले, आणि फारसी शब्दांची भर. रोज एक पान वाचलं तर वर्षभरात साधं पत्र लागतं. आमच्यात सर्वांत चांगलं मोडी वाचणारी मुलगी बारावीत आहे.

जुने फोटो, लग्नपत्रिका, सोसायटीच्या पावत्या, तमाशाच्या फडाची जाहिरात, हेही घेता का?

हो, आणि आजच. शंभर वर्षांपूर्वीचं जपायला सगळे तयार असतात, पण १९७२ च्या दुष्काळातलं हजेरीपत्रक कुणी ठेवत नाही. फोटोच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. फोटोतली माणसं ओळखणारं घरात एकच माणूस उरलं असेल तर हे काम या रविवारी करा.

पैसे किती लागतात?

काही नाही. जेवणाच्या वेळी आलो तर भाकरी खातो.

गावाचा इतिहास लिहायचाय. सुरुवात कुठून करू?

राजांपासून करू नका, शेतांच्या नावांपासून करा. प्रत्येक शिवाराला, विहिरीला, नाल्याच्या वळणाला नाव असतं, आणि सातबाऱ्यावर फक्त गट नंबर असतो. एका गावी ‘घोडेपागा’ नावाच्या तुकड्यात ज्वारी उभी होती. तिथे घोडे कुणाचे होते हे कुणालाच सांगता येईना. आता आम्ही त्याचा शोध घेतोय. चौथी-पाचवीची पोरं आणि दोन वयस्कर गुराखी सोबत घ्या, गुराख्यांना प्रत्येक बांध ठाऊक असतो. कोऱ्या वहीत डावीकडे गट नंबर, उजवीकडे नाव, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख. पहिल्या दिवशी वीस नावं झाली तरी पुरे. वही भरत आली की कळवा, आम्ही येतो.